‘चालतंय तसं चालू दे की’ म्हणणाऱ्याला लिनक्सवर आणताना

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या घरांतले आणि दुकानांतले कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर त्या तारखेनंतर एकदम ‘जुने’ ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. २०१६ साली घेतलेला लॅपटॉप त्यात बसत नाही. घरगुती वापरासाठी जी वाढीव सुरक्षा अपडेट्सची सोय आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे पुढे काय करायचं हा प्रश्न फार तर काही महिने पुढे ढकलता येतो.

एक मार्ग म्हणजे विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं. ज्यांना लिनक्स आवडतं, ते स्वतःच बदलतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. घरातल्या काकांना, मामांना, शेजारच्या निवृत्त मास्तरांना लिनक्सवर न्यायचं ज्याच्या मनात आहे, आणि ज्याला समोरून ‘असू दे की बाबा, चालतंय तसं चालू दे’ असं उत्तर मिळालं आहे, त्याच्यासाठी आहे. त्या उत्तरामागे बहुतेक वेळा आळस नसतो. माझे फोटो जातील, मराठी टाइप होणार नाही, प्रिंटर बंद पडेल आणि मग तुला रोज फोन करावा लागेल, अशी ती भीती असते. यातली एकही भीती खोटी नाही. म्हणून आधी ती एकेक दूर करायची आणि विंडोजला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

आधी नको कुणाला सांगायचं ते

निपाणीचा तंबाखू व्यापारी दिवसभर टॅलीत असतो. टॅली प्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून) ते चालवायच्या युक्त्या सापडतात, पण दुसऱ्याच्या धंद्याचा हिशेब युक्तीवर टाकू नये. उद्यमबागेतल्या कारखान्यात ऑटोकॅड आणि मशीनसोबत आलेली सॉफ्टवेअर असतात, तिथेही तेच. लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला कोरलड्रॉ आणि श्री-लिपीवर जगतो. त्याच कामाचं लिनक्सवरचं इंकस्केप चांगलं आहे, पण त्याच्याकडच्या जुन्या कोरल फायली त्यात जशाच्या तशा उघडत नाहीत. ग्राम वन केंद्रात आधारसाठी बोटांचे ठसे घेणारं यंत्र जोडलेलं असेल, तर त्या कॉम्प्युटरकडे बघूसुद्धा नका. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्या कंपन्यांचं कामही विंडोजवरच राहू द्या. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर जीएसटीचं विवरण ओटीपीवर भरता येतं, त्याला टोकन लागतच नाही. एवढी चौकशी मात्र आधी करा.

मग उरतं कोण? ब्राउझर, पीडीएफ, व्हॉट्सअॅप वेब, बँक, थोडं वर्ड, थोडं एक्सेल, यूट्यूब आणि नातवंडांचे फोटो एवढंच ज्यांचं काम आहे ते. असे लोक भरपूर आहेत. जमिनीचा उतारा कर्नाटक सरकारच्या भूमी पोर्टलवरून काढायला, आयकर विवरण पोर्टलवर भरायला ब्राउझर पुरतो. घरात मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर त्याला आधीच सांगून टाका की ते लिनक्सवर चालत नाही. नाही तर घरातला पहिला विरोधी पक्ष तोच होईल.

एक आठवडा कागद, मग तीन आठवडे विंडोजवरच

कॉम्प्युटरशेजारी एक कागद ठेवायला सांगा. आठवडाभर जे जे उघडलं ते लिहायचं. आठवणीतून यादी काढली की ‘वर्ड आणि इंटरनेट’ एवढंच बाहेर पडतं. कागदावर मात्र गणपती मंडळाच्या वर्गणीची एक्सेल, सोसायटीचं पासबुक छापायचं काहीतरी, मोबाईलमधले फोटो उतरवायचं सॉफ्टवेअर, अशा खऱ्या गोष्टी येतात. अडचण नेहमी अशाच एखाद्या गोष्टीत निघते.

यादी हातात आली की लिनक्सचा विषयसुद्धा काढू नका. आहे त्या विंडोजवर लिबरऑफिस, फायरफॉक्स किंवा क्रोम, व्हीएलसी आणि मेल वापरत असतील तर थंडरबर्ड बसवून द्या. हे सगळे प्रोग्राम लिनक्सवर तसेच मिळतात. लिबरऑफिसमध्ये दृश्य मेनूतून टॅबची मांडणी निवडली की ते एमएस ऑफिसच्या बरंच जवळ जातं. फाइल आपोआप डॉक्स आणि एक्सएलएसएक्स प्रकारात साठेल अशी सेटिंगही तेव्हाच करा. मंडळाच्या एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) असतील तर ते चालतात का हे याच काळात कळेल. साधी सूत्रं चालतात. मॅक्रोचा भरवसा धरू नका.

तीन आठवड्यांनी सवय झालेली असते, आणि बदलायचं राहतं ते फक्त खालचं अंथरूण. माझं मत असं की ही पायरी गाळणाऱ्याने पुढचं काहीच करू नये. एका दिवशी सगळंच नवीन समोर टाकलं की माणूस प्रत्येक अडचणीचं खापर लिनक्सवर फोडतो, अगदी नेट गेलं तरी.

टायपिंग: आपल्या भागातला खरा अडथळा

पुण्यात बसून लिहिलेले लिनक्सचे मार्गदर्शक लेख इथे तोकडे पडतात, कारण इथे एका माणसाला मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं. नातेवाइकांना पत्र मराठीत, पंचायतीचा अर्ज कन्नडात. विंडोजवर कन्नडसाठी बहुतेक जण नुडी किंवा बरह वापरतात, आणि ‘लिनक्सवर नुडी येत नाही’ हे ऐकलं की चर्चा तिथेच संपते.

नुडी हा प्रोग्राम येत नाही हे खरं. पण नुडीची कळमांडणी येते. ती कन्नड गणक परिषदेची, थोडक्यात कगप. लिनक्सच्या मूळ कीबोर्ड यादीत कन्नड कगप आहे, आणि त्याच मांडणीवर बसवलेलं मराठी कगपही आहे. इंग्रजी के दाबला की एकीकडे ಕ, दुसरीकडे क. जोडाक्षरासाठी दोन्हीकडे एफ. ज्याने कधीकाळी क्लासला जाऊन नुडी टायपिंग शिकलं आहे, त्याच्या बोटांत मराठी आधीच आहे, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नाही. ही एक गोष्ट करून दाखवली की समोरच्याचा चेहरा बदलतो. वेग, सुरक्षा, मोफत वगैरे भाषणांनी तो बदलत नाही.

लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा जो प्रकार आपण पुढे बसवणार आहोत, त्यात कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटचा टॅब उघडा, अधिकच्या खुणेवर क्लिक करा, आणि इंग्रजीच्या खाली मराठी कगप व कन्नड कगप जोडा. एका वेळी चारपर्यंत मांडण्या ठेवता येतात, तेव्हा तिन्ही आरामात बसतात. बदलायची कळ त्यांच्या सवयीची ठेवा. विंडोजवर ऑल्ट-शिफ्ट असेल तर इथेही तीच. पॅनलवर झेंडा दाखवायची सोय बंद करून अक्षरं दाखवायला सांगा, कारण मराठी आणि कन्नड दोन्हींना तिरंगाच दिसतो आणि आपण कुठे आहोत ते कळत नाही.

ज्यांनी इन्स्क्रिप्ट शिकलं आहे त्यांच्यासाठी तेही त्याच यादीत आहे. ज्यांना उच्चाराप्रमाणे इंग्रजीत लिहून मराठी उमटवायची सवय आहे त्यांना आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं बसवून मराठीची आयट्रान्स पद्धत द्या. त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक महत्त्वाचा: मोठा एन म्हणजे ण, मोठा एल म्हणजे ळ. गुगलसारखी ती शब्द सुचवत नाही, हे आधीच सांगा. फक्त ब्राउझरमध्येच लिहिणाऱ्याला क्रोममधलं गुगल इनपुट टूल्स लिनक्सवरही वापरता येईल.

जुन्या फायलींचं दुखणं वेगळं. नुडी ०१ सारख्या जुन्या फाँटमध्ये किंवा श्री-लिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारा, नसतो. फाँट नसेल तर तो इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. हे लिनक्समुळे होत नाही, दुसऱ्याच्या विंडोजवरही होतं. पण दोष तुमच्या माथी येणार, म्हणून विंडोजवर असतानाच अशा फायली शोधा, महत्त्वाच्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि प्रत्येकीची एक पीडीएफही काढून ठेवा. नुसत्या वाचण्यापुरत्या लागत असतील तर त्या फाँटची टीटीएफ फाइल मिंटमध्ये डबल क्लिक करून बसवली की मजकूर दिसतो. टाइप करणं मात्र यापुढे युनिकोडमध्येच.

इंग्रजी फाँटची चिंता कमी आहे. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया हे त्याच मापाचे फाँट मिळतात, त्यामुळे पानाची मांडणी सहसा हलत नाही. मंगल लिनक्ससोबत येत नाही, त्याच्या जागी नोटो किंवा लोहित. मराठी पत्राच्या ओळी थोड्या सरकतील, एवढं गृहीत धरा.

नवी एसएसडी घ्या, जुनी डिस्क कपाटात ठेवा

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी बसवायचं, हा नेहमीचा सल्ला. घाबरणाऱ्या माणसासाठी मला तो पटत नाही. त्यासाठी विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, लहान करताना काही बिघडलं तर त्याची पहिली भीती, फोटो जाण्याची, खरी ठरते. त्यापेक्षा लॅपटॉपमध्ये साधी अडीच इंची हार्डडिस्क असेल तर ती काढून त्याच जागी नवी सॅटा एसएसडी बसवा आणि लिनक्स तिच्यावर टाका. जुनी डिस्क विंडोजसकट, फोटोंसकट, एका पाकिटात घालून त्यांच्याच हातात द्या. ‘काका, नाही आवडलं तर दोन स्क्रू काढायचे आणि ही परत लावायची’ हे वाक्य कुठल्याही समजावणीपेक्षा जास्त काम करतं. शिवाय जुना लॅपटॉप हार्डडिस्कवरून एसएसडीवर गेला की तो झपाट्याने सुरू होतो. त्याचं श्रेय लिनक्सला मिळतं ते मिळू द्या.

मात्र डिस्क काढायच्या आधी फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड खात्यात सिंक झालेत का ते बघा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. ही की हरवली तर कपाटातली डिस्क नुसता पत्रा आहे. विंडोज बंद करण्यापूर्वी फास्ट स्टार्टअपही बंद करा. नाही तर ती डिस्क पुढे यूएसबी केबलने जोडल्यावर लिनक्स तिच्यातलं फक्त वाचू देतं, लिहू देत नाही.

काही स्वस्त लॅपटॉपांत साठवण बोर्डवरच असते, बदलता येत नाही. तिथे शेजारी शेजारीचाच मार्ग. मग पार्टिशन लहान करायचं काम विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोडू नका.

पेनड्राइव्ह आणि चाचणी

कुठलं लिनक्स, यावर वाद घालणारे घालोत. विंडोजवरून येणाऱ्या काकांना लिनक्स मिंट द्या. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. त्याची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळणार आहेत. रॅम आठ जीबी असेल तर सिनेमन आवृत्ती, चार असेल तर एक्सएफसीई. दोन जीबीवर मिंट सुरू होतं, पण आजचा ब्राउझर त्यावर सुखाने चालत नाही. अशा मशीनला आधी रॅम घाला.

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा. ती सुमारे तीन जीबीची असते, मोबाईल डेटावर असाल तर रात्री लावून ठेवा. फाइल नीट उतरली का हे कळायला साइटवर दिलेला एसएचए-२५६ आकडा जुळतो का ते तपासा. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तो बघता येतो. अर्धवट उतरलेल्या फाइलने पुढे असे विचित्र त्रास होतात की कारण सापडत नाही. मग रुफस किंवा एचर या प्रोग्रामने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं.

पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल आणि लेनोवोला एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, आसुसला एस्केप किंवा एफ ८. एसरला एफ १२ चालतं, पण ते आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) सुरू करावं लागतं. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) चालू असतानाही मिंट सहसा सुरू होतं, अडलं तर बायोसमधून ते बंद करा. बिटलॉकर असेल तर मघाची की इथे लागू शकते.

आता मिंट पेनड्राइव्हवरूनच चालेल, डिस्कला धक्का न लावता. ही चाचणी तुम्ही करू नका, काकांना करू द्या. कागदावरची यादी समोर ठेवा. वायफाय येतं का, आवाज येतो का, व्हिडिओ कॉलला कॅमेरा लागतो का, लॅपटॉप झाकून उघडल्यावर परत जागा होतो का. वायफाय नाहीच आलं तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. ते लगेच चालतं, आणि त्या नेटवरून ड्रायव्हर मॅनेजर वायफायचा ड्रायव्हर आणतो. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं हळू चालतं हे मात्र आधीच सांगा.

प्रिंटर याच वेळी लावून बघा. एचपीचे बहुतेक लागतात. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या एल मालिकेला ड्रायव्हर मिळतो. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा मात्र हट्टी गडी. तो स्वतःच्या वेगळ्या भाषेत बोलतो, त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि बसवायला खटपट आहे. तुमच्याकडे एक मोकळी संध्याकाळ नसेल तर तो प्रिंटर असलेल्या घरी घाई करू नका.

बसवताना

लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे असाल तर डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय हे काम काढूच नका. दोन डिस्कचं मशीन असेल तर जुनी डिस्क सोडवूनच इन्स्टॉल करा, कारण इन्स्टॉलर कधी कधी सुरू करायची फाइल दुसऱ्या डिस्कवर लिहितो आणि ती डिस्क काढली की लिनक्स सुरूच होत नाही.

डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर क्लिक करा. भाषा इंग्रजीच ठेवा. इतकी वर्षं विंडोज इंग्रजीत वापरलेल्या माणसाला ‘सेव्ह’ आणि ‘प्रिंट’ हेच शब्द ओळखीचे आहेत. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड मागतात. तो लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो आणि तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. बरेच जण निळा पडदा बघून मशीन बंद करतात. नव्या रिकाम्या एसएसडीवर ‘इरेज डिस्क’ निवडायला हरकत नाही. मशीनला जुनी डिस्क लावलेली असेल तर मात्र हाच पर्याय घात करतो. टाइम झोन कोलकाता. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साठवणीची पद्धत आरएसटी किंवा रेडवर आहे का बघा आणि ती एएचसीआय करा. ही दुरुस्ती नव्या डिस्कवर निर्धास्त करा, फक्त जुनी डिस्क परत लावायची वेळ आली तर आधीची पद्धत परत निवडा. जुनं विंडोज त्याच मशीनवर ठेवायचं असेल तर तसं करू नका, ते सुरू व्हायचं थांबतं.

मशीन सुरू झालं की अपडेट मॅनेजर चालवा, ड्रायव्हर मॅनेजर बघा, टाइमशिफ्ट लावा. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिमच्या प्रती ठेवतं, काकांचे फोटो नाही. फोटोंसाठी बाहेरची डिस्क वेगळीच. मग व्हॉट्सअॅप वेब, बँक आणि भूमी पोर्टल वेब अॅप मॅनेजरमधून मेनूत टाका, म्हणजे प्रत्येकाचं स्वतंत्र चिन्ह मिळतं.

नंतरचे दिवस

शिकवायच्या गोष्टी थोड्याच: पट्टीवरच्या ढालीवर खूण दिसली की अपडेट करायचं, नवं सॉफ्टवेअर सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यायचं, गुगलवर शोधून एक्सई फाइल उतरवायची नाही. काळ्या पडद्यात आज्ञा लिहायला लावू नका. तुम्हाला ते सोपं वाटतं, त्यांना ते हॅकिंग वाटतं.

त्यांना लगेच जाणवणारा फायदा दाखवायचा तर झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह लावा. शॉर्टकट व्हायरसने त्यातले फोल्डर लपवलेले असतात. लिनक्सवर तो व्हायरस चालत नाही, आणि लपलेले फोल्डर सरळ दिसतात. फायली सुटतात. त्याच पेनड्राइव्हने आधी त्यांचं विंडोज दोनदा फॉरमॅट करायला लावलेलं असेल तर यावर बोलायची गरज उरत नाही.

पंधरा दिवसांनी कागद परत मागा. ज्या कामापुढे ‘जमत नाही’ लिहिलेलं असेल ते सोडवता येतं का बघा. एखादं कामच असं निघालं की विंडोजशिवाय होत नाही आणि ते रोजचं आहे, तर वाद न घालता जुनी डिस्क परत लावून द्या. वर्षातून एकदा येणारं काम असेल तर त्या दिवसापुरती डिस्क बदला किंवा शेजारच्याच्या मशीनवर करा. कपाटातली डिस्क निदान सहा महिने पुसू नका, आणि पुसायचं कधी हे त्यांनाच ठरवू द्या.

तुम्ही पुण्यात किंवा बेंगळुरात नोकरीला असाल तर त्यांचा कॉम्प्युटर दुरून हाताळता यावा म्हणून एनीडेस्क किंवा रस्टडेस्क बसवून जा. दोन्ही मिंटवर चालतात. आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा, तुमचा फोन चालू असतानाच त्यांनी ते उघडायचं. बँकेतून किंवा कंपनीतून बोलतोय म्हणून कुणी त्यात दिसणारा नऊ-दहा आकडी क्रमांक मागितला तर फोन ठेवायचा, हे त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. असल्या ठगांपासून मिंट वाचवत नाही.